नाव घ्या, पण जपून!

गेल्या संक्रांतीची गोष्ट. लोणावळ्याला माझ्या भाचीकडे हळदीकुंकू होतं. मी तळेगावहून लोकल धरली, आमच्या वहिनी मधे कामशेतला चढल्या. घर बायकांनी भरून गेलं होतं. भाचीने वाण म्हणून चिक्कीच्या पुड्या ठेवल्या होत्या. लोणावळ्यात दुसरं काय देणार म्हणा! तिळगूळ झाला, अत्तर-गुलाबपाणी झालं आणि मग रीतीप्रमाणे कुणीतरी भाचीला म्हणालं, ‘‘चल, नाव घे बघू!’’

तर ही पोरगी हसत म्हणते, ‘‘काकू, मी रोजच नावं घेते आणि विकतेसुद्धा!’’

सगळ्या हसल्या. मला वाटलं, चेष्टा करतेय. पण पाहुण्या गेल्यावर चहा घेता घेता तिने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. भाची पूर्वी हिंजवडीला नोकरी करायची. बाळ झाल्यावर रोजची ती ये-जा जमेना, म्हणून नोकरी सोडली. दुपारी बाळ झोपलं की ती मोबाइल नाहीतर कॉम्प्युटर घेऊन बसते आणि नवी नवी नावं शोधते. ती स्वतःच्या नावावर नोंदवते, इंटरनेटवरच्या बाजारात विक्रीला ठेवते, आणि एखादा नवा उद्योग काढणारा माणूस त्यातलं नाव आवडलं तर विकत घेतो.

‘‘अगं, पण नाव कुणी विकत घेतं का? आपण तर बारशाला फुकट ठेवतो!’’ मी म्हटलं.

‘‘मावशी, बाळाचं नाव दहाजणांचं एकसारखं असलं तरी चालतं. इंटरनेटवर एक नाव जगात एकालाच मिळतं. म्हणून तर त्याला किंमत.’’

त्या संध्याकाळी वहिनी मात्र गप्प होत्या. का, ते पुढे सांगते. आधी हा व्यवहार काय आहे ते समजून घेऊ, कारण हल्ली घरबसल्या कमाईच्या गोष्टी आपल्या कानावर रोज येतात, आणि त्यातलं खरं किती, वरवरचं किती, हे आपल्याला कळत नाही.

नाव म्हणजे नक्की काय?

इंटरनेटवरच्या प्रत्येक ठिकाणाला खरं म्हणजे आकड्यांचा पत्ता असतो. कॉम्प्युटरला आकडे बरोबर कळतात. आपल्याला मात्र नावच लक्षात राहतं. म्हणून त्या आकड्यांना जोडून एक नाव नोंदवतात आणि त्याच्या शेवटी ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ असं शेपूट लावतात. यालाच डोमेन नेम म्हणतात. पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं गेलं १५ मार्च १९८५ ला, अमेरिकेत. सप्टेंबर १९९५ पर्यंत ही नोंदणी चक्क फुकट होती. मग वर्षाला ५० डॉलर आकार सुरू झाला. १९९८ पासून जगभरच्या या नावांची व्यवस्था आयकॅन ही संस्था पाहते. आपल्या देशाचं ‘डॉट इन’ शेपूट निक्सी ही संस्था सांभाळते, आणि ते २००५ पासून सर्वांना मोकळेपणाने मिळू लागलं. ऑगस्ट २०१४ पासून तर ‘डॉट भारत’ असं देवनागरीतही नाव घेता येतं, मराठीतसुद्धा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. हे नाव आपण कायमचं विकत घेत नाही. तो वर्षाच्या भाड्याचा करार आहे. साध्या डॉट कॉम नावाला वर्षाला हजार ते दीड हजार रुपये पडतात. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरून ठेवता येतात. भाडं भरायला विसरलात, तर काही दिवस सवलत, मग ३० दिवस दंड भरून सोडवण्याची मुदत, आणि त्यानंतर नाव मोकळं. मग जो आधी येईल त्याचं.

नावांचं दुकान कसं चालतं?

भाची ज्या बाजारात नावं ठेवते तिथे ‘ब्रँड’ होण्याजोगी नावं विकतात. म्हणजे अशी नावं की जी वस्तूचं वर्णन करीत नाहीत, पण कानाला गोड लागतात, लक्षात राहतात आणि उद्या साबणालाही शोभतील, शाळेलाही. असे बाजार परदेशात बरेच आहेत आणि घरबसल्या त्यांत भाग घेता येतो.

पद्धत अशी. आपण नाव नोंदवायचं आणि बाजाराकडे पाठवायचं. तिथली माणसं ते पारखतात. बहुतेक नावं नाकारतात. जे नाव पसंत पडेल त्याला एक छोटंसं चित्र, म्हणजे बोधचिन्ह, तयार करून देतात, किंमत ठरवतात आणि त्याची पाटी लावतात. काही ठिकाणी ही पाटी लावण्याचेही पैसे घेतात. गिऱ्हाईक आलं की पैसे आधी बाजाराकडे जमा होतात, मग नाव त्याच्या खात्यावर चढवलं जातं आणि आपली दलाली कापून बाजार उरलेली रक्कम आपल्याला देतो. दलाली थोडीथोडकी नाही. भाचीच्या बाजारात शंभरातले तीस!

‘‘म्हणजे भाजी मंडईतल्या अडत्यासारखंच की,’’ वहिनी पहिल्यांदाच बोलल्या.

‘‘अगदी तसंच, मामी. फक्त भाजी संध्याकाळपर्यंत विकावी लागते. नाव चार वर्षं पडून राहिलं तरी नासत नाही. पण भाडं खात राहतं.’’

कोणतं नाव चालतं?

मी विचारलं, ‘‘मग मीही सुचवू का एखादं? दोनचार तर आत्ताच सुचतायत.’’ तिने लगेच माझी परीक्षा घेतली. म्हणाली, ‘‘फोनवर मला नाव सांग, आणि मी ते इंग्रजीत न विचारता बरोबर लिहिलं पाहिजे.’’

मी म्हटलं, ‘‘लोणावळा चिक्की!’’

झालं, पहिल्याच परीक्षेत नापास. इंग्रजीत लोणावळा लिहिताना कुणी ‘व्ही’नंतर ‘ए’ घालतं, कुणी घालत नाही. ‘चिक्की’त एक ‘के’ की दोन? ‘ळ’ तर इंग्रजीत नाहीच. गिऱ्हाईक चुकीचं टाइप करील आणि दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभं राहील. शिवाय ‘लोणावळा चिक्की’ म्हणजे गावाचं आणि वस्तूचं नाव. ते सगळ्या गावाचं, एका दुकानाचं नव्हे.

तिच्या मते चांगलं नाव म्हणजे दोन किंवा तीन अक्षरांचं, एकाच तऱ्हेने लिहिता येणारं, मधे आडवी रेघ नाही की आकडा नाही, आणि ऐकल्याबरोबर मनात काहीतरी चांगलं उभं करणारं.

हे ऐकताना मला वाटलं, यात नवीन ते काय? आपल्याकडे ही कला जुनीच आहे. आमच्या तळेगावात १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. तो उभा राहिला लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, आणि नाव काय, तर ‘पैसा फंड’! इतकं सोपं नाव की लहान पोरालाही त्यामागची सगळी हकीकत कळावी. पेंढारकरांच्या विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनीचं लांबलचक नाव कुणाच्या लक्षात राहिलं असतं? आद्याक्षरं घेऊन ‘विको’ केलं आणि ते घराघरात गेलं. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ साली घरच्या घरी धुण्याची पावडर बनवायला घेतली, तिला मुलीच्या निरुपमा या नावावरून ‘निरमा’ म्हटलं.

आणि आपल्या वडगाव मावळचं उदाहरण तर रोज आपल्या ताटात असतं. तिथल्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तयार झालेला वाण १९८७ साली बाहेर आला. त्याला नुसता नंबर देऊन भागलं असतं. पण नाव दिलं ‘इंद्रायणी’. मावळातून वाहणारी, देहू-आळंदीला जाणारी नदी. आज पुण्या-मुंबईच्या बाजारात बाई नुसतं ‘इंद्रायणी द्या’ म्हणते. ‘तांदूळ’ असं म्हणावंही लागत नाही.

नाव विकत घेण्याचंही एक जुनं उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावच्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. नावासाठी त्यांनी १९६२ साली स्पर्धा ठेवली आणि निवडलेल्या नावाला बक्षीस दिलं ५ रुपये! ते नाव म्हणजे ‘लिज्जत’. त्या पाच रुपयांचं पुढे काय झालं ते आपण सगळ्या जाणतोच. पण त्या नावाला मोल आलं ते लाखो हातांनी रोज लाटलेल्या पापडांमुळे, हेही विसरून चालणार नाही.

वहीतला हिशोब

आता मुख्य गोष्ट, पैसा. या धंद्यातल्या मोठ्या गोष्टी ऐकून डोळे दिपतात. अमेरिकेतले उद्योजक धर्मेश शहा यांनी २०२३ साली ‘चॅट डॉट कॉम’ हे एक नाव १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं. ते पुढे ओपन एआय या कंपनीकडे गेलं आणि २०२४ मध्ये ही बातमी जगभर झाली. कॅरिबियन समुद्रात अँग्विला नावाचं चिमुकलं बेट आहे. त्याच्या देशाचं शेपूट नेमकं ‘डॉट एआय’. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि जो तो ते शेपूट मागू लागला. २०२३ साली त्या बेटाच्या सरकारला नुसत्या नावांतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले!

पण आपण ना शहा, ना अँग्विला. म्हणून मी भाचीला स्पष्टच म्हटलं, ‘‘मला तुझी वही दाखव.’’ तिने कपाटातून खरोखरच वही काढली. हिशोबाच्या बाबतीत ती आपल्या आजीवर गेली आहे. तिच्या परवानगीने आकडे देते.

पहिल्या वर्षी तिने ४० नावं नोंदवली. प्रत्येकी १,१०० प्रमाणे ४४,००० रुपये. हे पैसे भिशीचे होते. बाजाराने ४० पैकी फक्त १४ नावं घेतली. त्यांच्या पाट्या लावायला प्रत्येकी १० डॉलर, म्हणजे डॉलर ८४ रुपयांचा धरला तर ११,७६० रुपये. आणि मग वाट पाहणं. एक महिना, सहा महिने, वर्ष संपलं. एकही नाव गेलं नाही. नवरा काही बोलला नाही, पण सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘‘त्या पैशात घराला रंग झाला असता.’’ खरंच होतं ते. भाची म्हणते, त्या रात्री तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या वर्षी तिने २५ नावंच पुढे चालू ठेवली, १५ सोडून दिली. नूतनीकरणाचा दर पहिल्यापेक्षा जास्त, १,३०० रुपये. म्हणजे आणखी ३२,५०० गेले. चौदाव्या महिन्यात एक नाव १,८०० डॉलरला गेलं. तीस टक्के दलाली जाऊन १,२६० डॉलर हातात आले, म्हणजे १,०५,८४० रुपये. त्या दिवशी घरात श्रीखंड झालं. वर्ष संपता संपता दुसरं नाव ९०० डॉलरला गेलं; त्याचे ५२,९२० रुपये.

आता बेरीज करा. खर्च ८८,२६०. जमा १,५८,७६०. दोन वर्षांत शिल्लक ७०,५००. म्हणजे महिन्याला तीन हजारही नाहीत, आणि यातून बँकेचा आकार व प्राप्तिकर अजून जायचा आहे. तेही नशिबाने दोन नावं गेली म्हणून. ती गेली नसती, तर ८८ हजारांचा खड्डा होता.

‘‘मावशी, नोकरीच्या पगाराशी याची तुलनाच नको,’’ ती म्हणाली. ‘‘चाळीसातली दोन विकली गेली. सगळ्यांनाच असं होत नाही. मला विचारणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, जे पैसे बुडाले तरी घरात भांडण होणार नाही तेवढेच घाला.’’

वहिनींचं दुखणं

आता वहिनी का गप्प होत्या ते सांगते. कामशेतजवळ त्यांचा बायकांचा बचत गट आहे. २०२१ पासून त्या इंद्रायणी तांदूळ, नाचणीचे पापड आणि मेतकूट विकतात. गटाला त्यांनी एक छानसं नाव दिलंय. ते इथे छापत नाही. हजार पिशव्या छापून घेतल्या. मग वेबसाइट काढायला गेल्या, तर त्याच नावाचं डॉट कॉम आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं, आणि वर पाटी: ‘हे नाव विकणे आहे’. किंमत विचारली तर ८५ हजार रुपये!

‘‘आम्ही बाया पहाटे उठून पापड लाटायचे आणि नाव दुसऱ्याने अडवून बसायचं. आणि तू पोरी हाच धंदा करतेस?’’ वहिनींचा आवाज चढला होता. भाचीचा चेहरा उतरला. खोलीत क्षणभर कुणी बोलेना.

मग भाची उठली, कॉम्प्युटर घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘मामी, आधी तारीख बघू.’’ नाव कधी नोंदवलं हे इंटरनेटवर कुणालाही पाहता येतं. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण तारीख दिसते. निघालं असं की ते नाव २०१६ साली नोंदवलेलं. गट तर त्यानंतर पाच वर्षांनी सुरू झाला. म्हणजे वहिनींचं नाव बघून कुणी ते पळवलं नव्हतं. एका साध्या, सुंदर शब्दावर आधीच दुसऱ्याची नजर पडली होती, इतकंच.

‘‘मामी, त्याने २०२१ नंतर तुमच्या पापडांचं नाव ऐकून घेतलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा कायदा तुमच्या बाजूने आला असता.’’

जे आपलं नाही ते विकू नये

हा फरक नीट समजून घ्यायला हवा. स्वतःच्या डोक्यातून घडवलेलं नाव विकणं हा व्यापार आहे. दुसऱ्याने कष्टाने मोठं केलेलं नाव, किंवा त्याच्या जवळपासचं नाव, अडवून पैसे मागणं हा गैरव्यवहार आहे. आपल्या न्यायालयांनी हे केव्हाच स्पष्ट केलं आहे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’च्या नावातलं एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ’ नाव घेणाऱ्यांविरुद्ध खटला झाला आणि निकाल रेडिफच्या बाजूने लागला. ६ मे २००४ रोजी ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इंटरनेटवरचं नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखंच त्यालाही संरक्षण आहे. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी निक्सीची लवादाची सोयही आहे.

अलीकडची एक गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली. रिलायन्स आणि हॉटस्टार एकत्र येणार अशी बोलवा होती, तेव्हा २०२३ साली दिल्लीच्या एका तरुणाने दोघांची नावं जोडून डॉट कॉम घेऊन ठेवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने जाहीर पत्र लिहून केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने नकार दिला, कायद्याची भीती उभी राहिली. शेवटी ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देण्याची तयारी दाखवली. शिकण्याची इच्छा चांगलीच, पण ज्या नावावर बेत बांधला ते नाव मुळात त्याने मोठं केलेलं नव्हतं.

हे बोलता बोलता भाचीने आपलीच यादी उघडली, आणि एका नावावर थांबली. लोणावळ्याच्या बाजारात चालत गेलात तर दिसेल, नामांकित चिक्कीवाल्यांच्या नावाला पुढेमागे शब्द जोडलेल्या किती पाट्या आहेत. पहिल्या वर्षी मोहाने हिनेही तसंच एक नाव घेऊन ठेवलं होतं. ‘‘कुणीतरी नक्की मागायला येईल असं वाटलं होतं,’’ ती हळूच म्हणाली. तिने बाजारातून पाटी काढली आणि नूतनीकरण बंद केलं. अकराशे रुपये गेले. वहिनींनी काही म्हटलं नाही, पण तिच्या ताटलीत आणखी एक तिळाची वडी ठेवली.

मग गटाने काय केलं?

डॉट कॉमच्या मालकाला भाचीने वहिनींच्या वतीने १२ हजार रुपये देऊ केले. उत्तर आलं नाही. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. पण तेच नाव ‘डॉट इन’मध्ये मोकळं होतं, ते वर्षाला साताठशे रुपयांत मिळालं. पिशव्या फुकट गेल्या नाहीत. पत्त्याचा एक छोटा शिक्का करून घेतला आणि दुपारभर बसून सगळ्यांनी मिळून मारला.

नोंदणी करताना भाचीने एक गोष्ट आवर्जून केली. नाव तिच्या स्वतःच्या खात्यावर न घेता गटाच्या ईमेलवर, गटाच्या नावावर घेतलं. कितीतरी दुकानांची नावं वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर असतात. तो मुलगा गाव सोडून गेला की दुकानदाराच्या हाती काही राहत नाही. सातबारा जसा आपण पुन्हा पुन्हा तपासतो, तसं हेही तपासायला हवं.

त्याशिवाय गटाने व्यापारचिन्हासाठी अर्ज केला. तांदूळ, पापड, मसाले हे सगळं ३० व्या वर्गात येतं. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गाची ऑनलाइन सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंद झाली की ती दहा वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. वहिनी म्हणतात, ‘‘पिशव्या छापण्याच्या आधी हे कुणी सांगितलं असतं तर!’’ म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा

• घरगुती उद्योगाचं नाव ठरवताना आधी इंटरनेटवर ते मोकळं आहे का पाहा, व्यापारचिन्हांच्या सरकारी यादीत शोधा, आणि मगच पिशव्या-पाट्या छापा.

• नाव आपल्या किंवा गटाच्या खात्यावर घ्या. पासवर्ड दोघीतिघींकडे असू द्या. नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारीच लिहा.

• नावं विकण्याचा व्यवहार करून पाहायचाच असेल, तर पाचदहा नावांपासून सुरुवात करा. दोन वर्षांचं भाडं बाजूला काढून ठेवा. सोनं गहाण टाकून किंवा मुलांच्या फीच्या पैशातून हे करू नका.

• प्रसिद्ध कंपनी, नट-नटी, दुकान किंवा संस्था यांचं नाव घेऊ नका. एखादं अक्षर बदलून तर नाहीच.

• ‘तुमच्या नावाला मोठं गिऱ्हाईक आहे, पण आधी मूल्यांकनाचा दाखला विकत घ्या’ असा ईमेल आला, तर तो फसवणुकीचा समजा. खरं गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही.

• नाव हस्तांतर करण्याचा गुप्त क्रमांक पैसे मध्यस्थाकडे जमा झाल्याशिवाय कुणालाही देऊ नका. आणि नवीन नोंदवलेलं नाव पहिले ६० दिवस साधारणपणे दुसऱ्या नोंदणीदाराकडे हलवता येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

• मिळालेले पैसे प्राप्तिकराच्या विवरणात दाखवा. सगळ्या पावत्या एका फाइलीत ठेवा.

परवा भाचीचा फोन आला. तिसरं नाव अजून गेलेलं नाही. यादी आता १८ वर आणली आहे; तीही सगळी स्वतः घडवलेली. पण दुसरीच गंमत झाली. वहिनींचं बघून पवन मावळातल्या आणखी दोन गटांनी तिला बोलावलं, नाव सुचवायला आणि नोंदवून द्यायला. त्याचे ती माफक पैसे घेते. ‘‘मावशी, बाजारात ठेवलेल्या नावांपेक्षा यातच जास्त सुटतात,’’ ती सांगत होती, ‘‘आणि सासूबाई म्हणाल्या, आता दिवाळीला घराला रंग काढू.’’

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू कामशेतला आहे. वाण म्हणून गटाच्या मेतकुटाच्या पुड्या वाटायचं ठरलंय, पुडीवर पत्त्याचा शिक्का मारून. आणि नाव घ्यायची पाळी या वेळी वहिनींची!